वाक्य तपासायला येणारे तायडे सर

तायडे सर पहिल्यांदा आमच्या घरी आले त्या दिवशीच मी त्यांना हाकलून देणार होते. म्हणजे बघा, माणूस खोली भाड्यानं मागायला येतो, पाणी पितो, आणि घरधन्याला तोंडावर खोटारडा म्हणतो! माय माय माय, असला प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता.

झालं असं. शेलूबाजारला आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि दुकानामागं एक गोदाम. हंगाम सरला की ते रिकामं पडतं. तिथं इंग्रजी बोलायचा वर्ग काढायचा म्हणून सर आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, राहायला जऊळक्याकडं, एक जुनी स्कूटर, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत पांढरा रुमाल. गोदामात फिरून आले, रिकाम्या पोत्यांची थप्पी पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, बेंच नाई लागत. पोरायले ह्या पोत्यांवर बसवतो." इथवर ठीक. मग आमच्या ह्यांच्याकडं वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हाऊ आर यू?"

हे म्हणाले, "फाईन, फाईन."

"हे खोटं हाये," सर म्हणाले.

मी तर थिजलेच. ह्यांच्या तोंडाकडं बघते तर तेही थिजलेले. सरांनी बोट ह्यांच्या गालाकडं केलं. ह्यांची दाढ तेव्हा ठणकत होती, गाल टम्म सुजला होता, पण डॉक्टरकडं जायचं नाव नाही आणि विचारलं तर "काही नाही" एवढंच. सर म्हणाले, "गाल भज्यावानी फुगला अन तुमी फाईन म्हनता? असं म्हना: आय वॉन्ट टू ईट, बट अनफॉर्च्युनेटली माय टूथ इज एकिंग. मले जेवाचं हाये, पन कमनशिबानं दाढ दुखून राह्यली."

आमचे हे, जे लग्नाच्या मांडवातही कुणाचं ऐकायचे नाहीत, त्यांनी गालावर हात ठेवून ते वाक्य म्हटलं. एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. आणि वर मला म्हणाले, "खोली देऊन टाक." दुपारी दाढही काढून आले.

असे हे तायडे सर. त्यांच्या वर्गाला पोरी यायच्या म्हणून पोरींच्या आयांनी मला गळ घातली, "काकू, तुमी जरा बसत जा तिथं." मी दाराशी सूप घेऊन डाळ निवडत बसायची. शिकायला नव्हे, पण कान काही बंद करून ठेवता येत नाहीत.

सरांनी पहिल्याच दिवशी पोरांची पुस्तकं बंद करायला लावली. एक पोरगी हौसेनं उभी राहून म्हणाली, "राम गोज टू मार्केट." सर म्हणाले, "कोन राम? कोन्या गावचा?" पोरगी बंद पुस्तक चाचपायला लागली. "तुले त्याचा पत्ता नाई मालूम, अन तो बाजारात गेला हे कसं मालूम? आपलं सांग. आजचं सांग. खरं सांग." हे तीन नियम. वाक्य आपलं पाहिजे, आजचं पाहिजे, खरं पाहिजे. वर आणखी एक: इंग्रजीत म्हणून झालं की तेच घरच्या भाषेत मोठ्यानं म्हणायचं, मागं बसलेल्या काकूला समजलं पाहिजे. काकू म्हणजे मी.

व्याकरणाची नावं त्यांनी घेतलीच नाहीत. दोन वाक्यं बांधणारा शब्द म्हणजे 'जोड' आणि कसं, कधी, किती ते सांगणारा शब्द म्हणजे 'तिखट'. "मधात जोड लावा, वरून तिखट टाका," हे दिवसभर चालायचं. बट स्टिल, अँड देन, सो फायनली, बिकॉज ॲक्च्युअली. एखादं पोरगं म्हणालं, "आय ॲम स्टडिंग," की सर तोंड वाकडं करायचे. "अळणी! बिना तिखटाचं वरण हाये हे. पुढं काय? पन काय? म्हून काय?" मग पोरगं डोकं खाजवत म्हणायचं, "आय ॲम स्टडिंग, बट ॲक्च्युअली आय ॲम थिंकिंग ऑफ क्रिकेट." सर मांडीवर थाप मारायचे. "आता कसं! आता हा मानूस दिसून राह्यला मले."

एवढ्यावर थांबले असते तर चांगला शिक्षक म्हणून मी त्यांना पेढे दिले असते. पण वाक्याचा संशय आला की ते म्हणायचे, "उद्या येतो तपासायले." आणि खरंच जायचे! लोकांच्या घरी! अहो, पोरगं वर्गात काहीबाही बोलतं, म्हणून मास्तरानं त्याच्या घरी जाऊन खात्री करायची ही कुठली रीत?

संकेत नावाचा एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. छाती पुढं काढून म्हणाला, "आय वेक अप अर्ली, अँड इमीजिएटली आय रन." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सर त्याच्या दारात. संकेत गोधडीत घोरतोय. त्याची आई घाबरून बाहेर आली, म्हणाली, "काय झालं सर? कोन गेलं काय?" सर म्हणाले, "कोनी नाई गेलं बाई. मी वाक्य तपासायले आलो." ती बाई दिवसभर सांगत फिरत होती, माझ्या काळजाचं पाणी झालं म्हणून. संध्याकाळी संकेतनं खाली मान घालून नवं वाक्य म्हटलं: मले पळायचं असते, पण खरं सांगतो, मी झोपून राह्यतो. गोदाम हसून हसून दणाणलं. पण त्यानंतर पोरगा पळायला लागला, कारण सर कधी उगवतील याचा नेम नव्हता.

रेश्मा म्हणाली, मी मायले मदत करतो पण माझा भाऊ कधीच करत नाही. झालं, सर तिच्या घरी जाऊन बाजेवर बसले आणि तिच्या भावाकडं बघत राहिले. नुसतं बघत! पोरगा जेवला, ताट तसंच सोडून मोबाईल घेऊन बसला. शेवटी रेश्माचा बाप भडकला, "सर, तुमी शिकवायले आले का पंचनामा करायले?" सर उठले, हेल्मेट घातलं, म्हणाले, "वाक्य बरोबर निघालं," आणि गेले. गावात चार दिवस हीच चर्चा. मी सरांना चांगलं झापलं. म्हटलं, "सर, एखाद दिवशी मार खाल." ते म्हणाले, "वहिनी, पोरगी खरं बोलली का नाई हे कोनी पाह्यलंच नाई, तं ती खरं कायले बोलन?" मला राग जास्तच आला.

एक मात्र होतं. जे दिसलं ते सर बाहेर बोलायचे नाहीत. चूक सापडली तर एवढंच म्हणायचे, "उद्या दुरुस्त करून आन." दुरुस्ती ज्याचं वाक्य त्यानंच करायची. एखादा मधात बोलला की सर खेकसायचे, "दुसऱ्याचं वाक्य आपन सांगाचं नाई!"

अशा ह्या वर्गात कांताबाई आली.

कांताबाई माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेली. लेक संगीता हैदराबादला दिलेली, जावई तिकडचा. नात अन्वी सहा-सात वर्षांची, तिला तेलुगू येतं, इंग्रजी येतं, मराठी नावाला. फोनवर आजी आणि नात एकमेकींकडं बघून नुसत्या हसायच्या. कांताबाई म्हणायची, "मालती, माह्यी नात मले टीव्हीतल्या बाईवानी दिसते वं. बोलताच येत नाई तिच्याशी."

तिला वर्गात कोणी आणलं? तिच्या पोरानं, प्रकाशनं. स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून आणलं, उतरताना कोपराला धरलं, सरांच्या पाया पडला. प्रकाश इथल्या एका डॉक्टरकडं कंपाउंडर. त्याचा हात इतका हलका की इंजेक्शन घ्यायला लहान पोरंही त्याच्याचकडं न्या म्हणून रडायची. आमचा गॅस सिलिंडर त्यानं किती वेळा उचलून आत आणून ठेवला असेल. बायको दोन वर्षांपूर्वी माहेरी निघून गेली ती आलीच नाही. आम्ही सगळ्या बायका म्हणायचो, असा नवरा सोडून गेली, कपाळकरंटी.

कांताबाई छान शिकली. अडखळायची, पण धीट. "आय ॲम ओल्ड, बट स्टिल आय लर्न," असं म्हणाली तेव्हा सरांनी मांडीवर अशी थाप मारली की पोत्यातली धूळ उडाली. रविवारी वर्गातूनच अन्वीला फोन लावायचा, स्पीकर सुरू, आणि आजीनं एक वाक्य म्हणायचं असं ठरलं. अन्वी पलीकडून टाळ्या वाजवायची.

मग एके दिवशी कांताबाई उजव्या हाताला प्लास्टर घालून आली. सगळ्या पोरी धावल्या. तिनं उभं राहून वाक्य म्हटलं: "आय फेल इन द बाथरूम, बट लकिली ओन्ली माय हँड ब्रोक." मग आपल्या भाषेत, "मी बाथरूमात पडली, पन नशीब की फक्त हातच मोडला." जोड होती, तिखट होतं. सगळ्यांनी हळहळ केली. मी सरांकडं पाहिलं. त्यांचा हात मांडीवर आला नाही. ते म्हणाले, "कांताबाई, उद्या येतो तपासायले."

माझं डोकंच फिरलं. वर्ग सुटल्यावर मी सरांना आडवी गेले. "सर, लाज वाटत नाही? बाईमाणूस, हात मोडलाय, आणि तुम्ही तिचं न्हाणीघर बघायला जाणार?"

"म्हूनच तुमी चला संगं," ते म्हणाले.

मी गेले. खरं तर त्यांना तिथल्या तिथं गप्प करायला गेले. कांताबाईचं घर गावाच्या कडेला, पुढं मोठं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात बाथरूम. कांताबाई आम्हाला बघून उठली. सरांनी अंगणातूनच विचारलं, "पाहू काय?" तिनं मान हलवली, हो की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. मी पुढं होऊन दार ढकललं. ते उघडेचना. जोर लावला तर हातभर उघडलं, आणि आत छतापर्यंत पऱ्हाट्या रचलेल्या. कपाशीच्या वाळलेल्या काड्या, जळणासाठी भरून ठेवलेल्या. जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. नळाला कोळ्याचं जाळं. त्या बाथरूममध्ये कित्येक महिन्यांत कोणी अंघोळ केली नव्हती. मागच्या बाजूला आडोसा करून ते मायलेक अंघोळ करत होते.

तिथं कोणी पडूच शकत नव्हतं.

 मागं वळले तर कांताबाई माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते कसं सांगू? चोरी उघडी पडलेल्या माणसासारखी दिसत होती ती. आणि तेवढ्यात घरातून प्रकाश आला. हातात ताटली, ताटलीत चहाचे कप, बाजूला बिस्किटं. हसून म्हणाला, "काकू, सर, घ्या. आईचा हात असा, मीच करतो आता चहापाणी." मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. सरांनी शांतपणे पूर्ण चहा प्याला, कप खाली ठेवला आणि कांताबाईला म्हणाले, "दुरुस्त करून आना. घाई नाई."

रस्त्यावर येताच मी फुटले. "सर! घरात दोघंच, त्यानंच तिचा हात मोडलाय! बायको का गेली ते आता कळलं मला! पोलिसात चला आत्ताच्या आत्ता!"

"चाला," सर म्हणाले. "पन तिथं कांताबाईले विचारतीन. ती काय सांगन?"

मला माहीत होतं ती काय सांगेल. तरी मी दुपारी तिला एकटीला गाठलं. ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "माह्यं पोरगं तसं नाई वं मालती. कोनाले सांगशीन तं माह्यं मेलेलं तोंड पाह्यशीन." एवढी शपथ घातल्यावर मी काय करणार? सांगावं तर ती जाते, न सांगावं तर तिचा जीव जातो. जेवताना मी ताट सरकवून ठेवलं. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर सरांची स्कूटर कांताबाईच्या दारात. सर अंगणात उभे. हाताची घडी घालून मोठ्यानं विचारतायत, "कांताबाई, हाऊ आर यू टुडे?" ती दारात येऊन काहीतरी पुटपुटली. सर म्हणाले, "बरं," आणि निघाले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. प्रकाशनं हसत विचारलं म्हणे, "सर, अजून किती तपासाल?" तर हे म्हणाले, "वाक्य अवघड हाये, टाइम लागते." जऊळक्याहून रोज एवढं अंतर कापून यायचं आणि अंगणात उभं राहून एक प्रश्न विचारायचा. सगळं गाव म्हणायचं, मास्तर कामातून गेला. मलाच तेवढं कळत होतं की रोज सकाळी कोणीतरी येऊन आपल्या आईला डोळ्यांनी बघून जातं, हे त्या पोराला पक्कं समजत होतं. येड्या माणसाला दारातून हाकलता येत नाही.

कांताबाई वर्गात येत राहिली. दुरुस्त वाक्य काही आणलं नाही. सरांनीही विचारलं नाही. फोनवर अन्वीशी बोलताना ती प्लास्टरचा हात पदराखाली ठेवायची, म्हणजे लेकीलाही पत्ता नव्हता.

मग तो रविवार. फोन रेश्मानं धरला होता. अन्वी काही चित्र दाखवत होती, आजी नीट बघायला पुढं वाकली आणि पदर सरकला.

"आजी, व्हॉट हॅपन्ड टू युअर हँड?"

 बाथरूमचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं, तेच येणार म्हणून सगळे वाट बघत होते. कांताबाईनं सरांकडं पाहिलं. सरांनी तोंड थप्पीकडं फिरवलं. मदत करायची नाही म्हणजे नाहीच.

"आय डिड नॉट फॉल," कांताबाई म्हणाली. अगदी हळू, पण स्पष्ट. "मामा पुश्ड मी. अँड देन ही मेड टी फॉर मी."

पलीकडून ते कोवळं पोर विचारतं, "व्हाय?"

"बिकॉज..." कांताबाई म्हणाली. "बिकॉज..." पुढं काही येईना.  "बिकॉज..."

तेव्हा सर वळले. "राहू द्या, कांताबाई," ते म्हणाले. "बिकॉज त्याच्यावालं हाये. तुमचं नाई."

आणि मग कोणी सांगितलं नव्हतं तरी तिनं नियम पाळला. माझ्याकडं, दाराशी बसलेल्या माझ्याकडं बघून म्हणाली, "मी पडली नाई. माह्या पोरानं मले ढकललं. फोनवर लेकीशी बोलत बसली, जेवन वाढाले उशीर झाला, म्हून ढकललं. अन मंग त्यानंच मले चहा करून देल्ला."

माझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं, डाळ सगळीकडं सांडली, ती उचलायचं भान नव्हतं. आधीच माहीत होतं ना मला? ते बाथरूम बघितलं होतं ना मी? तरी तिच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर काटा आला. तिनं ते इंग्रजीत का सांगितलं, सहा वर्षांच्या पोरीला का सांगितलं, मला का नाही, हा विचार आजही डोकं पोखरतो. आपल्या भाषेत ते सगळ्यात आधी म्हणणं तिला झेपलं नसतं बहुतेक.

संकेत मुठी आवळून उठला. "सर, मी पाहून येतो त्याले."

"बस खाली," सर म्हणाले.

फोनवर संगीता आली होती. अन्वीनं हाक मारून बोलावलं असावं. ती रडत नव्हती, एवढंच म्हणाली, "आई, मी निघाली."

ती दुसऱ्या दिवशी आली, आईला घेऊन गेली. पोलिसात जायला कांताबाई शेवटपर्यंत तयार झाली नाही. आणि जाताना मी काय पाहिलं? प्रकाश आईची बॅग खांद्यावर घेऊन जीपपर्यंत आला, तिला पुढच्या सीटवर नीट बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. शेजारी उभी असलेली एक बाई मला म्हणाली, "किती गुणाचं पोरगं हाये!" बाप्पा, मी तिच्याकडं बघतच राहिले.

आता हा किस्सा संपला असं मला वाटलं होतं. तर दोन दिवसांनी सकाळी बघते, सरांची स्कूटर पुन्हा त्याच दारात!

"सर, आता तिथं कोण आहे?" मी विचारलं.

"प्रकाश हाये ना."

"त्या नालायकाचं तोंड बघायला जाता?"

"त्याचं वाक्य बाकी हाये, वहिनी," ते म्हणाले आणि किक मारली. मी इतकी चिडले की आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. वर्गात डाळसुद्धा त्यांच्याकडं पाठ करून निवडली. आईला ढकलणाऱ्याच्या दारात रोज उभं राहायचं, ह्यात कसलं मास्तरपण?

असे दोन महिने गेले. आणि एका संध्याकाळी कांताबाईचा मला फोन. आवाज खुललेला. "मालती, मी येऊन राह्यली परत. तिकीट काढलं. प्रकाश रोज फोनवर रडते वं. म्हनते, माय, मी सुधरलो. त्याच्या भाकरीचं काय? एकटं पोरगं हाये." मी म्हटलं, "कांता, येऊ नको." ती हसली. "तुले पोरगं नाई म्हून तू असं म्हनतं." खरंच मला पोरगं नाही, दोन मुलीच. बोलणं तिथंच संपलं.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी तरातरा निघाले. ठरवलं होतं, प्रकाशला अंगणात उभं करून असं सोलून काढायचं की आईला बोलवायची त्याची हिंमत होता कामा नये. तायडे सरांचा वर्ग पुढं थोड्याच दिवसांत शिरपूर जैनला हलला, आमचं गोदाम पुन्हा खताचं झालं. ते नंतर कधी बाजारात, कधी स्टँडवर दिसले असतील. पण मला सर डोळ्यांसमोर येतात ते त्या सकाळचे, त्या अंगणात.

प्रकाश पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली. सर समोर उभे. मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रकाशच म्हणाला, "काकू, तुमच्या फोनवरून मायले फोन लावून द्या. माह्या फोनवर एकटा बोललो की मी निरा, नुसता रडून घेतो. मले आज खरं बोलाचं हाये."

मी सरांकडं पाहिलं.  मी फोन लावला, स्पीकर सुरू केला.

"माय, तू येऊ नको," प्रकाश म्हणाला.

"काहून रे? तिकीट काढलं ना."

"मी सुधरलो म्हनलं तुले, ते खोटं व्हतं." तो जमिनीकडं बघून बोलत होता. "काल डबा उशिरा आला म्हून मी डबेवाल्या बाईवर हात उचलला. ती मांगं सरकली म्हून वाचली. माह्या डोक्यात काय येते ते मले मालूम नाई. पन येते. तू आली तं मी तुले पुन्हा ढकलीन. मी अजून तसाच हाये, माय."

मी भांडायला आले होते.  राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. इतकं नागडं खरं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि ते ह्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं मला!

 मग कांताबाई म्हणाली, "काही खाल्लं काय तू?"

प्रकाशनं फोन पायरीवर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड घातलं. पलीकडून ती पुन्हा विचारत होती, "प्रकाश? खाल्लं काय रे?"

सर पुढं आले. फोन उचलून तोंडाजवळ धरला. "कांताबाई, मी तायडे," ते म्हणाले. "मी हाये इथं. त्याले खाऊ घालतो. तुमी तिकीट रद्द करा."